डोईवरचा पदर : सक्ती कीं भक्ति ?

मनुष्याच्या मनांत जो आदर असतो, तो प्रकट करण्यासाठीं त्याला कांहीं तरी बाह्य चिन्ह लागतेंच. गुरुजी वर्गांत आले म्हणजे विद्यार्थी उठून उभे राहतात. मुलें वडीलधाऱ्यांच्या पायां पडतात. देवळाच्या पायरीशीं भाविक जोडे काढून ठेवतात. उभें राहिल्यानें विद्या वाढते असें नाहीं, किंवा जोडे काढल्यानें अंतःकरण शुद्ध होतें असेंहि नाहीं. परंतु अशीं चिन्हें जेथून समूळ नाहींशीं झालीं, तेथें आदरहि फार दिवस टिकत नाहीं. उलटपक्षीं, आदर निघून गेला आणि चिन्ह मात्र मागें राहिलें, असेंहि पुष्कळ वेळां घडतें. आणि मग त्या चिन्हाचा जुलूम होऊं लागतो. चिन्ह आणि आदर यांची ही जोडी कशी सांभाळावी, हा प्रश्न सर्वच धर्मांपुढें आणि सर्वच घरांपुढें आहे. त्याची एकच बाजू आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. कॅथलिक स्त्रियांनीं चर्चमध्यें जातांना डोक्यावरून पदर किंवा ओढणी घ्यावी कीं नाहीं ?

हा प्रश्न क्षुल्लक आहे, दीड हात कापडाचा आहे, असें कोणी म्हणेल. कापड खरोखरच दीड हाताचें आहे. परंतु त्याच्या आड आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्या उभ्या आहेत. आजीच्या डोईवर पदर आहे, आईचा पदर खांद्यावर आला आहे, आणि मुलीच्या पोशाखाला पदरच राहिलेला नाहीं. रविवारीं मिस्सेस निघतांना या तिघींत जो संवाद होतो, तो पुष्कळ ख्रिस्ती घरांस परिचयाचा आहे. आजी म्हणते, "उघड्या डोईनें देवापुढें कशी ग जातेस, बाई ?" नात म्हणते, "आजी, आतां तसा नियम राहिला नाहीं." आई मध्यें सांपडते. दोघीहि आपापल्या परी खरेंच बोलत असतात, आणि तरीहि घरांतून निघतांना मनें आंबट होतात. देवाच्या भेटीस जातांना मनें आंबट व्हावीं, ही गोष्ट क्षुल्लक खास नव्हे.

आमच्या वाचकांत ख्रिस्तीतर मुलें व पालक पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करितों. मिस्सा ही कॅथलिक लोकांची मुख्य उपासना. प्रभु येशूनें आपल्या शिष्यांबरोबर जें शेवटचें भोजन केलें, त्याची आठवण करून तींत भाकरीचा प्रसाद देतात, आणि त्या प्रसादांत प्रभु स्वतः उपस्थित असतो अशी त्यांची श्रद्धा आहे. तेव्हां कॅथलिक मनुष्याच्या दृष्टीनें चर्च म्हणजे केवळ सभा भरविण्याची जागा नव्हे. तेथें तो साक्षात् देवाच्या समोर जातो. खेड्यापाड्यांतले ख्रिस्ती लोक चर्चला सरळ 'देऊळ' म्हणतात, तें यामुळेंच.

डोकें झांकण्याच्या चालीचें मूळ संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत आहे. हें पत्र इसवी सन ५५ च्या सुमारास इफिस शहराहून लिहिलें गेलें. करिंथ हें ग्रीस देशांतील धनाढ्य व गजबजलेलें व्यापारी शहर. इ. स. पूर्वीं १४६ मध्यें रोमन सैन्यानें तें उद्ध्वस्त केलें, आणि इ. स. पूर्वीं ४४ मध्यें ज्युलिअस सीझरनें रोमन वसाहत म्हणून तें पुन्हां वसविलें. रोमन लोकांत प्रतिष्ठित विवाहित स्त्री डोक्यावर वस्त्र घेऊन बाहेर पडे. पुरुषहि यज्ञ करितांना अंगावरच्या वस्त्राचा पदर डोक्यावर ओढून घेत. ऑगस्टस बादशहाचा अशा वेषांतील पुतळा करिंथ येथेंच सांपडलेला आहे. अशा गांवच्या नव्या ख्रिस्ती मंडळीला पौल सांगतो कीं, प्रार्थना करितांना पुरुषानें डोकें उघडें ठेवावें व स्त्रीनें झांकावें.

हा अध्याय पुष्कळ लोक अर्धाच वाचतात. पौल त्यांत पुरुषाला स्त्रीचें मस्तक म्हणतो, तेवढेंच कांहींच्या ध्यानांत राहतें. परंतु त्याच ओघांत तो असेंहि सांगतो कीं, प्रभूच्या ठायीं पुरुषावांचून स्त्री नाहीं व स्त्रीवांचून पुरुष नाहीं, कारण पुरुष स्त्रीच्याच पोटीं जन्मास येतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पौलाच्या बोलण्यांत हें गृहीतच आहे कीं, त्या मंडळींत स्त्रिया उघडपणें प्रार्थना करीत होत्या व ईश्वरी संदेशहि सांगत होत्या. म्हणजे डोईवरचें वस्त्र हें स्त्रीचें तोंड बंद करण्यासाठीं नव्हतें. तें बोलणाऱ्या स्त्रीच्या डोईवर होतें. आणि शेवटीं पौल वाचणाऱ्यांनाच विचारतो कीं, योग्य काय तें तुम्हीच ठरवा. आणि मंडळ्यांच्या चालीचा दाखला देऊन तो विषय संपवितो.

पुढें ही चाल ख्रिस्तसभेंत सर्वत्र रूढ झाली. पोपांच्या जुन्या इतिवृत्तग्रंथांत असें लिहिलें आहे कीं, संत पेत्राच्या मागून आलेल्या लीनस पोपानें ती घालून दिली. पुष्कळ शतकें ती केवळ रूढि म्हणूनच चालत होती. १९१७ सालीं कॅथलिक सभेचा कायदा एका ग्रंथांत संकलित झाला, तेव्हां त्याच्या १२६२ व्या कलमांत ती लेखनिविष्ट झाली : पुरुषांनीं उपासनेस उघड्या डोक्यानें बसावें, स्त्रियांनीं डोकें झांकून व मर्यादशील वेषानें बसावें, आणि प्रसाद घेण्यास जातांना तर विशेषच.

आतां हा नियम केव्हां गेला, याविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पुष्कळ जण म्हणतात कीं, १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें तो काढून टाकला. तसें नाहीं. त्या परिषदेच्या एकाहि लेखांत या विषयाचा उल्लेख नाहीं. घडलें तें असें कीं, त्याच सुमारास युरोप-अमेरिकेंतील स्त्रियांनीं घराबाहेर टोपी घालण्याची रीत सोडली. आणि रस्त्यावरची टोपी गेली, तशी चर्चमधलीहि गेली. धर्मशास्त्राच्या आधीं शिंप्यानें निकाल दिला, असें म्हटलें तरी चालेल. पुढें १९७६ सालीं रोम येथील श्रद्धाविषयक मंडळानें एका लेखांत प्रसंगानें लिहिलें कीं, स्त्रियांनीं डोकें झांकण्याचा जुना दंडक हा त्या काळच्या चालीरीतींतून आलेला व गौण महत्त्वाचा होता, आणि तो आतां बंधनकारक नाहीं. १९८३ च्या नव्या कायद्यानें १९१७ चा कायदा रद्द केला, आणि नव्या कायद्यांत हें कलम घातलेलें नाहीं. तो कायदा त्या वर्षीं २७ नोव्हेंबरपासून अंमलांत आला. म्हणजे आज या बाबतींत सक्ती नाहीं, आणि मनाईहि नाहीं. ही गोष्ट दोन्ही पक्षांनीं प्रथम नीट ध्यानांत घ्यावी. कारण नातीला वाटतें कीं पदर घेणें आतां चुकीचें ठरलें आहे, आणि आजीला वाटतें कीं न घेणें हें पाप आहे. दोन्ही समजुती निराधार आहेत.

परंतु कायदा गप्प बसला म्हणजे प्रश्न संपला, असें होत नाहीं. ज्या ठिकाणीं कायदा बोलत नाहीं, त्या ठिकाणीं माणसाच्या शहाणपणाची खरी परीक्षा असते. म्हणून या चिन्हाचा अर्थ निरनिराळ्या देशांत कसा होतो, तें पाहणें उपयोगाचें होईल.

चीन देशांत पूर्वीं मोठ्यांपुढें उघड्या डोक्यानें जाणें हा त्यांचा अपमान समजत. तेथें युरोपची रीत चालविली असती, तर देवाचा मान राखण्याऐवजीं तो घालविल्यासारखें झालें असतें. म्हणून १६१५ सालीं पोप पांचवे पौल यांनीं तेथील धर्मगुरूंस मिस्सा अर्पण करितांनाहि डोक्यावर टोपी ठेवण्याची परवानगी दिली. आज दक्षिण कोरियांत पुष्कळ कॅथलिक स्त्रिया मिस्सेच्या वेळीं पांढरा जाळीदार रुमाल डोक्यावर घेतात. केरळांतील सुरियानी ख्रिस्ती स्त्रियांत साडीचा पदर किंवा ओढणी डोक्यावर घेण्याची रीत अद्यापि चालू आहे. गोव्यांत पूर्वींच्या ख्रिस्ती स्त्रिया चर्चला जातांना 'ओल' नांवाची पांढरी चादर डोक्यावरून घेत. आणि ज्या अमेरिकेंत ही चाल साठ वर्षांपूर्वीं मोडली, तेथेंच आज कांहीं तरुण मुली आपण होऊन स्पॅनिश धर्तीची जाळीदार ओढणी घेऊं लागल्या आहेत. त्यांच्या आयांनीं ती टाकली होती; मुलींनीं ती पेटींतून पुन्हां काढली. काळाचें चाक असें फिरत असतें. तेव्हां नवें तें सर्व टिकेल किंवा जुनें तें सर्व मरेल, असें भविष्य कोणीं वर्तवूं नये.

इतक्या दूर कशास जावें ? आमच्या नवीन जालन्याहून रेल्वेनें नांदेडला जावें. तेथें हुजूर साहेबाच्या दाराशीं स्त्री असो वा पुरुष असो, राजा असो वा रंक असो, डोक्यावर रुमाल बांधल्यावांचून कोणी आंत जात नाहीं. करिंथच्या पुरुषानें ज्या भावनेनें डोकें उघडें ठेवलें, त्याच भावनेनें नांदेडचा पुरुष तें झांकतो. क्रिया परस्परविरुद्ध आहेत, भावना एकच आहे. १९१७ च्या कायद्यालाहि हें ठाऊक होतें; कारण पुरुषांनीं डोकें उघडें ठेवावें असें सांगतांना, त्या त्या लोकांच्या मान्य चालीरीति निराळ्या असतील तर गोष्ट वेगळी, अशी सवलत त्यांतच होती. आमच्या जालन्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं जालन्यानजीक बेथेल हें गांव वसविलें. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथील मोठ्या ख्रिस्ती परिषदेस ते गेले, ते डोक्याला पागोटें बांधूनच. पागोटें उतरविलें म्हणजे आपला धर्म अधिक उजळेल, असें त्यांस वाटलें नाहीं.

आतां आमच्या पदराकडे वळूं. मराठी भाषेंत या एका शब्दाभोवतीं सारा संसार गोळा झालेला आहे. आई लेकराचें तोंड पदरानें पुसते. भ्यालेलें मूल पदराआड लपतें. अडल्या वेळीं माणूस पदर पसरतो. काम अंगावर घेतांना बाई पदर खोचते. दुसऱ्याच्या गरजेसाठीं पदरमोड करावी लागते. आणि नशिबानें जें येतें तें पदरीं पडतें. हाच पदर दिवेलागणीच्या वेळीं तुळशीपुढें किंवा क्रुसापुढें दिवा लावतांना डोईवर जातो. अंबडला मत्स्योदरीच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईच्या डोईवर तो असतो. मराठवाड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सहून आलेल्या मिशनऱ्यांनीं वैजापूर-गंगापूरच्या बाजूस काम आरंभिलें. तेथील शेतकरी व मजूर स्त्रियांना डोईवर पदर घेण्यास त्यांनीं शिकविलें नाहीं. शिकविण्याचें कारणच नव्हतें. तो पदर त्यांच्या लुगड्याबरोबर आपोआप चर्चमध्यें आला. कायद्याचें १२६२ वें कलम आमच्या आज्यांना ठाऊक नव्हतें, आणि तें रद्द झाल्याचेंहि त्यांस कळलें नाहीं. त्यांचा पदर रोमच्या हुकुमावरून आला नव्हता, म्हणून रोमचा हुकूम गेल्यानें तो खालीं आला नाहीं. ही गोष्ट आमच्या तरुण पिढीनें विसरूं नये. कांहीं मुलींना वाटतें कीं चर्चमध्यें डोकें झांकणें ही परदेशी ख्रिस्ती रूढि आहे. परदेशी आहे ती जाळीची ओढणी. पदर आमचा आहे.

परंतु पदराचें इतकें गुणगान केल्यावर त्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. याच महाराष्ट्रांत उच्च म्हणविणाऱ्या जातींत विधवेचें केशवपन करीत, तिला लाल आलवण नेसवीत, आणि त्या आलवणाचा पदर तिच्या मुंडण केलेल्या डोक्यावरून ओढलेला असे. तो पदर देवाच्या आदराचा नव्हता. तो समाजानें तिच्यावर मारलेला शिक्का होता. १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईंत शारदा सदन काढून अशा मुलींना विद्येचें दार उघडलें. आणि १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या नाभिकांनीं विधवांच्या डोक्यास वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, खुद्द रमाबाई इंग्लंडांत १८८३ सालीं ख्रिस्ती झाल्यावरहि साध्या पांढऱ्या लुगड्यांतच राहिल्या. ज्या बाईनें लादलेल्या पदराविरुद्ध जन्मभर झगडा केला, तिनें स्वतःच्या पदराचा त्याग केला नाहीं. घेतलेला पदर आणि लादलेला पदर यांत जो जमीनअस्मानाचा भेद आहे, तो यावरून स्पष्ट होतो.

पोशाखाच्या सक्तीचा धडा ख्रिस्ती इतिहासांतहि आहे. १७३६ सालीं गोव्याच्या इन्क्विझिशननें हुकूम काढून देशी ख्रिस्ती पुरुषांस धोतर नेसण्याची व स्त्रियांस चोळी घालण्याची मनाई केली. कपडे बदलले म्हणजे मन बदलेल, अशी त्या अधिकाऱ्यांची समजूत होती. त्या हुकुमानें कोणाचा विश्वास वाढल्याचें इतिहास सांगत नाहीं. धर्माच्या नांवावर एक डाग मात्र राहिला. काढावयास लावणें आणि घालावयास लावणें या दोन्ही एकाच रोगाच्या दोन तऱ्हा आहेत.

याच्या उलट मदर तेरेसांचें उदाहरण पाहा. १९४८ सालीं त्यांनीं युरोपीय धर्तीचा धर्मभगिनींचा वेष उतरविला, आणि कलकत्त्याच्या गरीब बायकांच्या साड्यांसारखी निळ्या कांठाची पांढरी सुती साडी नेसली. तिचा पदर डोक्यावरून घेतलेला असे. तो पदर पुढें जगभर सेवेची खूण म्हणून ओळखला गेला. त्यांना तो घेण्यास कोणीं भाग पाडलें नव्हतें. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्यांतलें एक होण्यासाठीं त्यांनीं तो निवडला. पदराला मोल आलें तें या निवडीमुळें.

या सर्वांवरून आमचें मत असें बनलें आहे कीं, डोईवरचा पदर ही सुंदर व जपून ठेवण्याजोगी चाल आहे. परंतु ती टिकावी असें ज्यांस वाटतें, त्यांनीं ती प्रेमानें व अर्थ सांगून टिकवावी. धाकानें ती टिकणार नाहीं. आणि टिकली तरी ती चाल राहणार नाहीं. नुसतें कापड राहील.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आक्षेप वडील मंडळींचा : "सक्ती सोडली तर सर्वच सुटेल. आज पदर गेला, उद्यां मर्यादा जाईल, परवां देवहि जाईल." या भीतींत कांहींच तथ्य नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. चिन्हांचा नाश हळूहळू होतो, हें आरंभींच सांगितलें आहे. परंतु मुलगी देवापासून दूर कशानें जाते, याचा विचार करावा. उघड्या डोक्यानें ती एका रविवारीं चर्चमध्यें आली, तर ती निदान आली आहे. तिला दाराशींच चारचौघींत कठोर शब्द ऐकविला, तर पुढच्या रविवारीं ती पदर घेऊन येईल असें नाहीं. कदाचित् ती येणारच नाहीं. दीड हात कापडासाठीं एक मुलगी घालवावी, हा कोणता हिशेब ? आणि खरी मर्यादा केवळ डोईवर राहत नाहीं. पदर डोईवर आणि जीभ शेजारणीच्या घरांत, असा देखावाहि आपण पाहतोंच. मिस्सा चालली असतां कुजबुजणें, उशिरां येणें, मोबाइल फोनकडे पाहत बसणें, या गोष्टी उघड्या डोक्याहून अधिक अनादराच्या आहेत. परंतु त्यांबद्दल दाराशीं कोणी कोणाला अडवीत नाहीं.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा : "डोकें झांकणें ही स्त्रीच्या दास्याची खूण आहे, स्वातंत्र्याच्या काळांत ती हवी कशाला?" लादलेला पदर दास्याची खूण होतो, हें आम्हीं वर कबूल केलेंच आहे. परंतु जी स्त्री आपण होऊन पदर घेते, तिला मागासलेली म्हणून हिणवणें हीहि सक्तीच आहे; फक्त तिचा मोहरा उलटा आहे. वसतिगृहांतली एखादी मुलगी खेड्याहून येते, आईनें शिकविल्याप्रमाणें प्रार्थनेच्या वेळीं ओढणी डोक्यावर घेते, आणि मैत्रिणींच्या हसण्यानें लाजून ती खालीं ओढते. तिची ती लाज कोणीं निर्माण केली ? स्वातंत्र्याचा अर्थ आपल्यासारखें सर्वांनीं वागावें असा असेल, तर त्या स्वातंत्र्यांत आणि जुन्या जुलमांत फारसें अंतर नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी आहे कीं, या विषयाचें बोलणें घरीं करावें, चर्चच्या दाराशीं करूं नये. मुलगी लहान असतांनाच तिला चालीचा अर्थ समजावून सांगावा. "लोक काय म्हणतील" हें कारण सांगूं नये. कारण लोक आज एक म्हणतात व उद्यां दुसरें म्हणतात. "आपण मोठ्याच्या भेटीला चाललों आहोंत" हें कारण सांगावें. तें मुलांना समजतें. आई स्वतः भक्तीनें पदर घेत असेल, तर तिला बोलावेंहि लागणार नाहीं. आणि मुलगी मोठी झाल्यावर तिनें निराळा निर्णय केला, तर तिच्या शेजारीं सतरंजीवर बसून तितक्याच प्रेमानें प्रार्थना करावी. चर्चमध्यें देव सर्वांना पाहत असतो. डोकीं मोजण्याचें काम आपण अंगावर घेऊं नये.

विद्यार्थिनींनो, तुम्हांस आम्ही असें सांगूं कीं, पदर घ्या किंवा घेऊं नका, परंतु विचार करून जें करावयाचें तें करा. आळसानें टाकलेली चाल आणि विचारानें सोडलेली चाल या सारख्या नव्हेत. तसेंच भीतीनें पाळलेली चाल आणि श्रद्धेनें पाळलेली चाल याहि सारख्या नव्हेत. घेणारीनें न घेणारीपेक्षां आपण अधिक पवित्र आहों असें मानूं नये. न घेणारीनें घेणारीपेक्षां आपण अधिक शहाण्या आहों असें मानूं नये. आणि आजीबरोबर चर्चला जातांना, केवळ तिच्या समाधानासाठीं ओढणी डोक्यावर घेतली, तर तुमच्या स्वातंत्र्याचें कांहीं कमी होणार नाहीं. प्रेमानें केलेली गोष्ट कधींच दास्य होत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, हा विषय बहिणींचा आहे असें समजून पान उलटूं नका. पौलाच्या त्या अध्यायांत पुरुषांसाठींहि आज्ञा आहे. ती मात्र कोणी आठवीत नाहीं. बहिणीची ओढणी सरकली कीं तुमच्या लगेच ध्यानांत येतें. परंतु आपल्या डोक्यावरची क्रिकेटची टोपी आंत येतांना काढावयाची राहिली, हें ध्यानांत येत नाहीं. मुलीच्या पोशाखाची तपासणी करण्याचा अधिकार तुम्हांस कोणीं दिलेला नाहीं. तुमच्या वांट्याचा आदर तुम्हीं दाखवा : वेळेवर या, नीटनेटके या, खिशांतला फोन बंद ठेवा, आणि पदर घेतलेल्या किंवा न घेतलेल्या कोणाहि मुलीची थट्टा होऊं देऊं नका.

ख्रिस्तीतर विद्यार्थिमित्रांसहि एक शब्द सांगावासा वाटतो. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर मंदिरें आहेत, मशिदी आहेत, गुरुद्वारा आहे, चर्च आहे. प्रत्येक ठिकाणीं आदराची भाषा निराळी आहे : कोठें जोडे काढतात, कोठें डोकें झांकतात, कोठें उघडतात, कोठें नुसतें स्तब्ध उभें राहतात. मित्राच्या घरीं लग्नकार्यास किंवा सणास गेलांत, तर तेथील रीत विचारून घ्या आणि ती पाळा. दुसऱ्याची रीत पाळल्यानें आपला धर्म बुडत नाहीं. उलट आपल्याला आदर करतां येतो, हें सिद्ध होतें. शाळेनें गणित व भूगोल यांबरोबर एवढें शिकविलें, तरी तिचें काम पुष्कळ झालें.

पदर डोईवर असो वा खांद्यावर असो, त्याच्या खालीं जें अंतःकरण आहे तें नम्र असावें, हेंच देवाला हवें आहे. आमच्या आज्यांनीं तो नम्रपणा पदरांत बांधून आमच्यापर्यंत आणला. कापड जीर्ण होईल, रीत बदलेल. परंतु पदराच्या गांठीला बांधलेली ती ठेव पुढच्या पिढीच्या हातीं सुखरूप पोंचावी, आणि ती देतांना कोणाच्याहि डोळ्यांत पाणी येऊं नये, अशी त्या दयाघन प्रभूपाशीं आमची प्रार्थना आहे.